हातातील कसब आणि कागदावरील स्तर

कारागिराची पत गावात पूर्वी कशी ठरत असे, याचा प्रथम विचार केल्यास प्रस्तुत विषय समजण्यास सुलभ जाईल. ज्या गवंड्याने बांधलेली भिंत अनेक पावसाळे सोसूनही उभी राहिली तो चांगला गवंडी. ज्या सुताराने जोडलेला डोंगा वैनगंगेच्या पुरात दगा देत नाही तो जाणता सुतार. ज्या ढिवराच्या जाळ्याची गाठ सरकत नाही त्याच्या हाताला गुण आहे, असा लोकांचा निर्णय असे. ही एक प्रकारची परीक्षाच होती. परीक्षक सारे गाव, निकाल तोंडी, आणि प्रमाणपत्र म्हणजे त्या माणसाचे नाव. या प्रमाणपत्रात खोट शिरण्यास फारसा वाव नव्हता, कारण परीक्षक त्याच भिंतीच्या आडोशाला राहत. मात्र त्याला एक मोठी मर्यादा होती. ते गावाच्या शिवेपलीकडे चालत नसे.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे ही मर्यादा जितकी तीव्रतेने जाणवली तितकी क्वचितच अन्यत्र जाणवली असेल. दिनांक २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते येथील धरणाची पायाभरणी झाली. पुढे २००९ साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. जलाशयाच्या बुडीत क्षेत्रातील गावे उठली, नवी गावठाणे वसली. एकाच आळीतील घरे निरनिराळ्या वसाहतींत गेली, काही कुटुंबे नागपूरकडे वळली. शेताचे मोजमाप झाले, घरांचे झाले, झाडांचीही गणती झाली. परंतु ‘या माणसाच्या हातची भिंत पडत नाही’ ही जी साक्ष गाव देत होते, तिचा पंचनामा कोणी केला नाही, आणि तो करताही आला नसता. साक्षीदार पांगले तेव्हा कारागिराची पतही पांगली. नव्या ठिकाणी तोच मनुष्य, तेच हात. पण त्याला ओळखणारे कोणी नाही. अशा वेळी गावाच्या साक्षीचे काम एखाद्या कागदाने करावे लागते. तो कागद कोणी द्यावा, कशाच्या आधारे द्यावा व त्यावर कोणी का विश्वास ठेवावा, या तीन प्रश्नांची देशाने जी उत्तरे ठरविली आहेत, त्यांनाच आपण राष्ट्रीय कौशल्य व अर्हता व्यवस्था म्हणतो.

प्राथमिक शिक्षकांच्या पुस्तिकेत हा विषय कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर प्रत्येक शाळेच्या ओसरीवर मिळते. मोठा मुलगा आठवीनंतर घरी बसला आहे, त्यास कोठे घालावे. अमुक ठिकाणी तीन महिन्यांत प्रमाणपत्र देतात म्हणे, ते घ्यावे काय. हे प्रश्न पालक तालुक्याच्या कार्यालयात जाऊन विचारीत नाहीत, ते धाकट्या मुलाच्या गुरुजींना किंवा बाईंना विचारतात. मोबदल्याची रक्कम हाती आलेल्या कुटुंबांना तर अशी प्रमाणपत्रे विकणारे लोक आपण होऊन भेटतात. गुरुजींच्या एका शब्दावर कुटुंबाचे काही हजार रुपये आणि मुलाची दोन वर्षे अवलंबून असतात. तेव्हा तो शब्द माहितीचा असावा.

या व्यवस्थेचा पाया समजण्यासाठी चार कामे मनात वेगळी ठेवावीत. एका व्यवसायातील माणसास काय काय यावयास पाहिजे, हे ठरविणे हे पहिले काम. ते शिकविणे हे दुसरे. शिकलेल्यास खरोखर आले की नाही हे तपासणे तिसरे, आणि त्यावर शिक्कामोर्तब करून प्रमाणपत्र देणे चौथे. खासगी वर्गात पुष्कळदा ही चारही कामे एकच व्यक्ती करते. तीच अभ्यासक्रम ठरवते, तीच शुल्क घेते, तीच परीक्षा घेते आणि तीच सोनेरी किनारीचा कागद छापते. अशा कागदाची किंमत त्या व्यक्तीच्या सचोटीइतकीच असते. राष्ट्रीय व्यवस्थेचा सारा खटाटोप ही कामे एका हाती एकवटू नयेत आणि एकवटलीच तर वर कोणाची तरी नजर असावी, यासाठी आहे.

ही नजर ठेवणारी संस्था म्हणजे राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद होय. तिची अधिसूचना ५ डिसेंबर २०१८ रोजी निघाली व २०२० च्या ऑगस्टपासून तिचे काम सुरू झाले. ही परिषद स्वतः कोणासही शिकवीत नाही. प्रमाणपत्र कोणी द्यावे आणि मूल्यमापन कोणी करावे, त्या संस्थांना ती मान्यता देते व त्यांच्यावर नियंत्रण ठेवते. मान्य झालेली प्रत्येक अर्हता राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत दाखल होते. ही नोंदवही कोणासही इंटरनेटवर पाहता येते. एखाद्या अभ्यासक्रमाचे नाव तिच्यात नसेल तर त्याचे प्रमाणपत्र राष्ट्रीय नव्हे, मग त्यावर अशोकस्तंभासारखे कितीही सुंदर चित्र असो.

इतिहासाचा थोडा भाग येथे सांगणे अवश्य आहे, कारण जुनी प्रमाणपत्रे आजही लोकांच्या पेटीत आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्यांची व्यवस्था लावण्यासाठी १९४५ मध्ये केंद्र सरकारने पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन केले. म्हणजे देशातील व्यवसाय प्रशिक्षणाचा उगमही एका पुनर्वसनातच आहे. १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. लोक त्यांस ‘आयटीआय’ या नावाने ओळखतात. १९५६ साली या संस्थांचे प्रशासन राज्यांकडे आले आणि त्याच वर्षी देशभर एकच प्रमाण राहावे म्हणून राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद नेमली गेली. आपला भंडारा जिल्हाही त्याच वर्षी जुन्या मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, हा केवळ योगायोग. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. पुढे २०१४ मध्ये केंद्रात कौशल्य विकासाचे स्वतंत्र मंत्रालय स्थापन होऊन २०१५ मध्ये हे प्रशिक्षण श्रम मंत्रालयाकडून त्याच्याकडे गेले. पूर्वीची परिषद आता वर सांगितलेल्या नव्या परिषदेत विलीन झाली आहे. म्हणून वडिलांच्या प्रमाणपत्रावर एका परिषदेचे नाव आणि मुलाच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्याच संस्थेचे नाव दिसले, तर त्यापैकी एक खोटे असे समजू नये.

आता स्तरांकडे वळू. दिनांक २७ डिसेंबर २०१३ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा प्रसिद्ध केला. त्यात दहा स्तर होते. २०२३ मध्ये त्याची फेरमांडणी होऊन आठ स्तर करण्यात आले, व मधे साडेतीन, साडेचार असे अर्धे स्तरही ठेवण्यात आले. एखादे काम कोणत्या स्तराचे, हे त्या कामास किती वर्षे लागतात यावरून ठरत नाही. ते करणाऱ्यास किती जाणावे लागते, हाताने काय करता आले पाहिजे, आणि विशेषतः जबाबदारी कोणाची, यावरून ते ठरते. दुसऱ्याने आखून दिलेल्या रेषेवर पत्रा कापणारा एका स्तरावर आहे; रेषा स्वतः आखणारा त्याच्या वर; चार कापणाऱ्यांचे काम पाहणारा आणि चुकल्यास जबाब देणारा आणखी वर. गावच्या कामातही हा भेद आपण जाणतोच. बिगारी, गवंडी आणि मिस्त्री यांची मजुरी निराळी असते ती याच कारणाने.

याच वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, शालेय, उच्च व व्यावसायिक अशा तिन्ही शिक्षणांस एका मापात आणणारा राष्ट्रीय श्रेयांक आराखडाही आला. त्यातील एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या मापात पाचवी उत्तीर्ण होणे हा पहिला स्तर आहे, आठवी हा दुसरा, दहावी हा तिसरा आणि बारावी हा चौथा. तीन वर्षांची पदवी साडेपाचवर येते, विद्यावाचस्पती ही सर्वोच्च पदवी आठवर. म्हणजे ज्या शिडीच्या वरच्या टोकास विद्यापीठाचा पंडित उभा आहे, तिची खालची पायरी आपल्या चौथी-पाचवीच्या वर्गात रोवलेली आहे. तीस तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक व वर्षाच्या बाराशे तासांस चाळीस श्रेयांक असा हिशेब ठरला आहे, आणि तो वर्गात बसलेल्यास व कार्यशाळेत कानस घासणाऱ्यास सारखाच लागू आहे.

पहिला स्तर प्राथमिक शाळेत आहे याचा अर्थ पाचवीच्या मुलाच्या हाती वेल्डिंगची कांडी द्यावी असा कोणी करू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या शेजारच्या वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाची कल्पना मांडली व झाकिर हुसेन समितीने तिला अभ्यासक्रमाचे रूप दिले, तेव्हाही हाच गैरसमज झाला होता. टकळी चालविणारा मुलगा विणकर व्हावा हा तिचा हेतू नव्हता. टकळीवरून त्याला गणित, भूगोल आणि शिस्त यावी हा होता. आजही पहिल्या स्तराचे सामान वाचन, मोजमाप व सांगितलेला क्रम पाळणे हेच आहे. जोडारी व्यवसायाच्या पहिल्याच वर्षी मुलाच्या हाती व्हर्निअर कॅलिपर येते. त्याने मिलिमीटरचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०२ इतका, वाचता येतो. ज्या मुलास ०.२ आणि ०.०२ यांत मोठे कोणते हे ठामपणे सांगता येत नाही, तो तेथे अडतो. तो आयटीआयमध्ये अडला असे आपण म्हणतो. वास्तविक तो दशांश अपूर्णांकाच्या धड्यातच अडलेला असतो. शिल्पनिदेशकांकडे त्यासाठी फार वेळ नसतो.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. त्यांत सर्वांत भरवशाचा मार्ग आयटीआयचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात शासकीय संस्था चारशेहून अधिक आहेत व त्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अधिकाराखाली चालतात. वीजतंत्री, जोडारी, कातारी, यंत्रकारागीर हे दोन वर्षांचे व्यवसाय. संधाता, नळकारागीर, शिवणकाम यांसारखे एक वर्षाचे. वीजतंत्रीस दहावी उत्तीर्ण असावे लागते, परंतु संधाता, नळकारागीर, सुतारकाम, शिवणकाम यांस आठवी उत्तीर्ण पुरते. दहावीत नापास झाला म्हणजे सारे संपले अशा समजुतीने जी मुले वीटभट्टीवर किंवा परप्रांतात मजुरीस जातात, त्यांच्या पालकांस ही एक गोष्ट जरी वेळेवर सांगितली तरी पुष्कळ साधेल. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत, पण आपल्याकडील मुली बहुधा शिवणकामाचाच अर्ज भरतात. वीजतंत्रीचे काम जोखमीचे म्हणून मुलीस नको, असे म्हणणारे घर तिला भर उन्हात रोवणीस मात्र पाठविते. यावर पालकसभेत अवश्य बोलावे.

आयटीआयची अंतिम परीक्षा अखिल भारतीय असते. लेखी भाग संगणकावर होतो, प्रात्यक्षिकास बाहेरचा परीक्षक येतो. ऐंशी टक्के उपस्थिती नसल्यास परीक्षेस बसता येत नाही. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हे केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचे असते. म्हणून पवनीत शिकलेल्या मुलाचे प्रमाणपत्र पुण्यात किंवा कोइमतूरलाही तितकेच चालते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. वीजतंत्री हा व्यवसाय पूर्वीच्या अभ्यासक्रमात पाचव्या स्तरावर दाखविला जाई, सुधारलेल्या अभ्यासक्रमात तो चौथ्यावर आहे. व्यवसायाची किंमत उतरली असा याचा अर्थ नाही. दहा पायऱ्यांची शिडी आठ पायऱ्यांची झाली, म्हणून क्रमांक बदलला. आठवीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करणाऱ्यास भाषेची व ठरावीक विषयाची परीक्षा देऊन दहावीची समकक्षता मिळविता येते, आणि दहावीनंतर तो पूर्ण करणाऱ्यास तंत्रनिकेतनाच्या पदविकेस थेट दुसऱ्या वर्षी प्रवेशाची वाट आहे. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, ही कल्पना आता सोडून दिली पाहिजे.

दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. जर्मनीत मुलगा आठवड्यातील काही दिवस व्यवसायशाळेत व बाकीचे कारखान्यात असतो, आणि त्या देशाच्या उद्योगाचे बळ तेथूनच आले असे जाणते लोक म्हणतात. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने त्याच जातीची सोय केली आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. त्याच वेळी विद्यावेतनाची किमान पायरी पाचवी ते नववी शिकलेल्यास दरमहा ५,००० रुपयांपासून पदवीधरास ९,००० रुपयांपर्यंत ठरविण्यात आली. पाचवी हा शब्द येथेही आला, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. आपल्या जिल्ह्यात जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना, वरठीचा सनफ्लॅग पोलाद कारखाना अशी मोठी कामाची स्थळे आहेत. गोसीखुर्दच्या मुलास नागपूरपलीकडे पाहण्यापूर्वी जिल्ह्यातच पाहण्यासारखे काही आहे. किमान वय चौदा वर्षे आहे. धोक्याच्या उद्योगात अठरा.

तिसरा मार्ग अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचा. १५ जुलै २०१५ रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना हे त्याचे मोठे उदाहरण. महाराष्ट्रात १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ग्रामीण भागातील ५११ कौशल्य विकास केंद्रांचे उद्घाटन झाले, तेही याच वर्गातील. यांचे अभ्यासक्रम बहुधा त्या त्या उद्योगाच्या क्षेत्रीय कौशल्य परिषदांनी बांधलेले असतात. हा मार्ग ज्याला आधीच काही येते व एखादी बाजू पक्की करावयाची आहे त्याला उपयुक्त आहे. अगदी कोऱ्या हाताच्या मुलास तीन महिन्यांत कारागीर करण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये. भात रोवल्यापासून कापणीपर्यंतसुद्धा त्याहून अधिक काळ लागतो.

चौथा मार्ग मला या परिसरासाठी विशेष मोलाचा वाटतो, आणि त्याचीच माहिती सर्वांत कमी आहे. त्यास पूर्वार्जित कौशल्याची मान्यता असे म्हणतात. ज्याने कोणत्याही संस्थेत पाऊल न ठेवता, बापाच्या किंवा मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकून घेतले, त्याने पुन्हा पहिल्यापासून शिकावे असे सांगणे हा त्याच्या अनुभवाचा अपमान आहे. अशा माणसास थोडी ओळख करून देऊन त्याची परीक्षा घेतली जाते व तो पात्र ठरल्यास त्या अर्हतेचे प्रमाणपत्र मिळते. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने जी राष्ट्रीय अर्हता व्यवस्था उभी राहिली, तीत या कल्पनेस मोठे स्थान मिळाले. वर्षानुवर्षे काम करूनही केवळ कागद नाही म्हणून मजूरच राहिलेले असंख्य लोक तेथे होते. आपला प्रसंग तितका दारुण नसला तरी जातीचा आहे. धरणाच्या व कालव्यांच्या कामावर राबून ज्यांनी सळया बांधणे, काँक्रीट ओतणे, लोखंड जोडणे आत्मसात केले, असे लोक या तालुक्यात आहेत. त्यांना गावात कोणी कागद मागत नाही. तथापि मोठ्या कंत्राटात किंवा परदेशी नोकरीत पहिला प्रश्न कागदाचाच असतो. कारागीर जमातींसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले आहेत. त्यांत गवंडी, सुतार, लोहार, कुंभार यांच्याबरोबर नाव बांधणारा व मासेमारीचे जाळे विणणाराही आहे, ही गोष्ट वैनगंगेकाठच्या शाळांनी पालकांस मुद्दाम कळवावी.

आता प्रमाणपत्र कसे वाचावे ते सांगतो. पालकाने कागद पुढे ठेवला की प्रथम त्यावर देणाऱ्या संस्थेचे नाव पाहावे, शिकविणाऱ्या केंद्राचे नव्हे. दोन्ही नावे एकच असतील तर सावध व्हावे. मग अर्हतेचे पूर्ण नाव, तिचा सांकेतिक क्रमांक व स्तर पाहावा आणि तो राष्ट्रीय नोंदवहीत आहे काय ते तपासावे. शाळेतील कोणीही जाणकार मोबाइलवर पाच मिनिटांत हे करू शकेल. प्रवेश घेण्यापूर्वी तपासणी झाली तर उत्तम, कारण पैसे भरल्यावर मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग केवळ पश्चात्तापापुरता असतो. ‘शासनमान्य’ हा शब्द एकटा आला तर त्यास काही अर्थ नाही. कोणत्या शासनाच्या कोणत्या विभागाने, कोणत्या अभ्यासक्रमासाठी मान्य केले, हे विचारलेच पाहिजे. संस्थेची नोंदणी होणे आणि तिच्या अभ्यासक्रमास मान्यता असणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत; दुकानाचा परवाना असला म्हणून मालाचे वजन बरोबर असतेच असे नाही.

प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ वारंवार आढळतो. त्यांच्याजवळ प्रकल्पग्रस्ताचा दाखला असतो, व राज्य शासनाच्या गट क आणि गट ड मधील पदांत त्यांच्यासाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. या दाखल्याने नोकरी मिळते, अशी पुष्कळांची दृढ समजूत आहे. वस्तुतः तो दाखला राखीव जागेच्या रांगेत उभे राहण्याचा अधिकार देतो. पदाला जी शैक्षणिक किंवा व्यावसायिक अर्हता सांगितली आहे ती माफ करीत नाही. तारतंत्र्याच्या पदासाठी तारतंत्री व्यवसायाचे प्रमाणपत्र मागितले असेल तर ते लागतेच. दाखला पेटीत जपून ठेवून मुलास काहीच न शिकविणारी घरे आहेत, आणि मुलाचे वय त्या पेटीबरोबरच जुने होत जाते. दाखला आणि अर्हता हे बैलजोडीप्रमाणे दोन्ही असावे लागतात, हे या घरांस समजेल अशा शब्दांत सांगणे गुरुजींनाच शक्य आहे.

अखेरीस शाळेच्या दप्तराविषयी. वर वर्णिलेल्या सर्व मार्गांच्या दाराशी एकच कागद मागितला जातो, तो म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. आणि त्या दाखल्याचे मूळ आपल्या दाखल-खारीज रजिस्टरात असते. पहिलीत नाव घालताना मुलाचे नाव घाईने एका प्रकारे लिहिले, आधारपत्रावर ते दुसऱ्या प्रकारे आले, तर ही तफावत दहा वर्षे झोपून राहते आणि प्रवेश अर्जाच्या शेवटच्या तारखेस जागी होते. हल्ली शाळांतून विद्यार्थ्यांचे ‘अपार’ क्रमांक काढण्याचे काम चालू आहे. पुष्कळ शिक्षकांस ते आणखी एक कारकुनी ओझे वाटते, व त्यांची तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मिळविलेले श्रेयांक ज्या श्रेयांक पेढीत जमा व्हावयाचे, तिचे खाते हाच क्रमांक आहे. आज पाचवीत असलेल्या मुलीने उद्या आयटीआय केले, मधे चार वर्षे काम केले आणि पुन्हा पदविकेस गेली, तर तिचे आधीचे शिक्षण त्याच खात्यातून पुढे येईल. पालकाची संमती घेऊन, नाव व जन्मतारीख आधारपत्राशी ताडून, मगच हे काम करावे. तफावत दिसल्यास विहित रीतीने दुरुस्तीचा प्रस्ताव तत्काळ गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे पाठवावा.

ज्या शाळा बुडीत गावांतून नव्या गावठाणात आल्या आहेत त्यांच्या मुख्याध्यापकांनी याहून एक काम अधिक करावयाचे आहे. जुन्या गावच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कोणत्या शाळेच्या ताब्यात आहे, त्याची पाने शाबूत आहेत काय, वाळवी अगर ओल लागली आहे काय, हे पाहून तशी नोंद करावी व जीर्ण पानांच्या छायाप्रती साक्षांकित करून स्वतंत्र ठेवाव्यात. गाव जलाशयाखाली गेलेल्या माणसास आपला जन्म, जात आणि रहिवास सिद्ध करण्यासाठी पुष्कळदा तेवढे एकच पान उरलेले असते. त्याच्या नातवास आयटीआयच्या अर्जासोबत जातीचा दाखला जोडावयाचा झाला, तर शोध त्याच पानापर्यंत येतो. हे काम जूनमध्ये प्रवेश सुरू होण्यापूर्वी, उन्हाळी सुट्टी लागण्याच्या आत पूर्ण व्हावे.